दुखण्याच्या गोळ्या आणि शेरीनाल्याचे पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रतिजैविके जपून वापरा, हे आता बहुतेकांच्या कानावर गेले आहे. मिरजेत माझे औषधाचे दुकान आहे. प्रतिजैविक मागताना गिऱ्हाईक हल्ली थोडे तरी कचरते. डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळीचे तसे नाही. "कंबर धरलीय, दोन गोळ्या द्या," एवढेच सांगून हात पुढे येतो. उसाचा हंगाम सुरू झाला की ही मागणी आणखी वाढते. या गोळ्यांचा जीवाणूंशी काय संबंध, असेच सगळे धरून चालतात. पण संबंध आहे आणि तो काळजी करण्यासारखा आहे.

जर्मनीतील हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये हजाराहून अधिक औषधे आतड्यातील ४० प्रकारच्या जीवाणूंवर तपासली. त्यांतली जी औषधे जीवाणूंसाठी नव्हे, तर माणसाच्या शरीरावर काम करण्यासाठी बनवली आहेत, त्यांपैकी २४ टक्के औषधांनी किमान एका जीवाणूची वाढ रोखली. मनोविकारांवरची औषधे त्यात ठळकपणे होती. कोलकात्यातील संशोधकांनी तर डायक्लोफेनॅकसारख्या औषधांचा जीवाणूंवर परिणाम होतो, हे त्याच्या कितीतरी आधी दाखवले होते.

हे घडते कसे, ते क्लोरप्रोमाझिन या मनोविकारांवरच्या, १९५० च्या दशकातल्या औषधावरून समजते. जीवाणूच्या पेशीभोवती स्निग्ध रेणूंचे दुहेरी पटल असते आणि त्यावर ऋण भार असतो. या औषधाच्या रेणूचा एक भाग स्निग्धात मिसळणारा, तर दुसरा धन भाराचा. त्यामुळे तो पटलाकडे ओढला जातो आणि लाकडात पाचर शिरावी तसा त्यात घुसतो. पटल सैल पडते, आतले पोटॅशियम बाहेर झिरपते. पटलाच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनचा, म्हणजे धन भाराच्या कणांचा, फरक टिकत नाही, आणि त्या फरकातून मिळणाऱ्या ऊर्जेवरच प्रतिजैविक बाहेर फेकणारे जीवाणूचे अनेक पंप चालतात. मात्र जीवाणू मारायला लागणारी या औषधाची मात्रा रक्तात सहसा असते त्याहून बरीच जास्त आहे. म्हणून कोणी दुखण्याची किंवा झोपेची गोळी संसर्गावर उपाय म्हणून घेऊ नये, ही कळकळीची विनंती.

मला खरी भीती वाटते ती कमी मात्रेची. भरपूर औषधाने जीवाणू मरतो, पण थोड्याने पटल नुसते जास्त पारगम्य होते, म्हणजे बाहेरचे पदार्थ त्यातून सहज आत शिरतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक आणि रक्तदाबावरचे प्रोप्रॅनोलॉल यांच्या सान्निध्यात जीवाणू बाहेर सुटा पडलेला प्रतिरोधाचा, म्हणजे प्रतिजैविकाला दाद न देण्याचा, जनुक अधिक प्रमाणात आत घेतात. मेलेल्या जीवाणूचा डीएनए पाण्यात पडलेला असतो, तो जिवंत जीवाणू उचलतो. त्या जीवाणूला प्रतिजैविक एकदाही भेटलेले नसले, तरी तो त्याला दाद देईनासा होतो.

आता हे आपल्या सांगलीला लावून पाहा. गिळलेल्या औषधाचा काही भाग लघवीवाटे बाहेर जातो, उरलेल्या गोळ्या आणि सिरप लोक मोरीत ओततात. शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळण्याचा प्रश्न किती जुना आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मिरज तर दवाखान्यांचे गाव, लांबलांबून पेशंट इथे येतात. जीवाणू, त्यांचे सुटे जनुक आणि औषधांचे अंश एकाच पाण्यात एकत्र येण्याची यापेक्षा सोयीची जागा कोणती? २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे थेट दगावली, असा अंदाज आहे. हे संकट केवळ दिल्ली-मुंबईचे नाही.

दुखत असताना गोळी घेऊ नका, असे मी कधीच म्हणणार नाही. फडात कोयता चालवणाऱ्या बाईला तसे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण उरलेल्या औषधांचे काय करायचे, याची सोय तरी हवी. केरळने २०२५ मध्ये कोझिकोडमधून अशी औषधे गोळा करायला सुरुवात केली. आपल्या महापालिकेने औषध दुकानदारांच्या संघटनेला सोबत घेऊन सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये संकलन पेट्या ठेवाव्यात; माझ्या दुकानात एक पेटी ठेवायला मी तयार आहे. तसेच नदीच्या पाण्याच्या तपासणीत वेदनाशामकांचे अंशही मोजले जावेत आणि त्याचे आकडे आपल्या दैनिकातून लोकांसमोर यावेत.

आपला,
एक औषध विक्रेता, मिरज