चोडणच्या पायलटभाऊंना, डब्याच्या झाकणाबद्दल

पायलटभाऊ,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं पायलटभाऊ. पणजीच्या कदंब स्टँडवर तुम्हा पायलटांच्या पिवळ्या मडगार्डच्या, भाड्याने माणसं नेणाऱ्या मोटरसायकली ओळीने उभ्या असतात. त्यातले तुम्ही कोण, हे ज्याला कळायचं त्याला कळेल. पत्र मराठीत लिहितेय. तुम्ही बोलता कोकणीत, पण भाडं नसलं की सीटवर आडवे बसून मराठी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचता, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर शाळेत येऊन सांगा. बाईंच्या चुका निघाल्या म्हणून मुलं खूश होतील.

हात आता वर जातो. केस एका हाताने विंचरायची सवय झाली होती, ती सोडायला हवी. अपघातानंतर सहा आठवडे झोळीत घालून मिरवला डावा हात. पत्राला उशीर झाला तो त्यामुळे, असं म्हणता आलं असतं, पण लिहिते मी उजव्या हाताने. खरं म्हणजे लिहायला बसलं की तो डबा डोळ्यांसमोर यायचा आणि कागद तसाच राहायचा.

शाळा सुरू होऊन पंधरवडा झाला होता. पाऊस नुकताच उघडला होता. रायबंदरहून पणजीला येणारा तो मिठागरांतला रस्ता तुम्हाला काय सांगायचा? चोडणची फेरीबोट धरून तुम्ही रोज त्याच रस्त्याने स्टँडवर येता. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला, लिन्हारेस नावाच्या व्हाइसरॉयच्या काळातला. चौथीच्या मुलांना मी दरवर्षी सांगते की इतका जुना रस्ता आपण अजून वापरतो, केवढी अभिमानाची गोष्ट. यंदा सांगताना जरा अडखळले. पावसाळ्यात मिठागरं तुडुंब भरतात, एकीकडे मांडवी, आणि मध्ये त्या चिंचोळ्या पट्ट्यावर बस, ट्रक, भाड्याच्या गाड्या आणि एक बाई सायकलवर.

धक्का मागून बसला. आरसा लागला असावा, कारण काच माझ्याआधी रस्त्यावर पडल्याचं मी पाहिलं. मग आभाळ. मान वळवायला गेले तेव्हा ती गाडी पुढे थांबलेली दिसली. काळी पाटी, त्यावर पिवळी अक्षरं, म्हणजे पर्यटक चालवायला घेतात ती भाड्याची गाडी. मागचे पांढरे दिवे लागले, म्हणजे रिव्हर्स टाकला होता. येतोय, असं मनात आलं. दिवे विझले आणि गाडी गेली. त्या माणसाने दोन क्षण विचार केला, हेच मला जास्त लागलं. विचार न करता पळाला असता तर घाबरला म्हणून सोडून दिलं असतं.

पर्यटकाला शिव्या घालणं आपल्याला सोपं जातं. पण माझ्याभोवती जे जमले ते आपलेच होते. तिघांच्या हातात मोबाईल. सलवार मांडीपर्यंत फाटलेली, पाय रस्त्यावर, आणि कुणीतरी म्हणतंय, ‘रगत पळय रे कितलें!’ त्यातलं अर्धं रगत म्हणजे माझ्या डब्यातल्या अळसांद्याच्या तोणाकाचा रस्सा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण बोलायला तोंड उघडत नव्हतं. तो व्हिडिओ कुणाकडे असेल तर त्याने जरूर पाहावा आणि मसाला बरा झाला होता की नाही ते कळवावं.

दोघांनी काखेत हात घातले होते. ‘उचला, रिक्षात घाला, पाणी द्या तिला.’ चांगल्या मनानेच म्हणत होते. तेवढ्यात त्यांना अडवणारा तुमचा आवाज आला: ‘हात लावूं नाकात! उदक दिवं नाकात!’ मोटरसायकल तुम्ही माझ्यामागे आडवी लावलीत, म्हणजे मागून येणारी गाडी आधी तिच्यावर आदळली असती. पोट भरतं त्या मोटरसायकलवर. रेनकोट काढून माझ्या पायांवर टाकलात, ‘१०८ क फोन करा’ असं मोबाईलवाल्यांतल्याच एकाला सुनावलंत आणि माझ्या डोक्याशी उकिडवे बसून हेल्मेटसकट डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलंत. ‘बाय, मान हालोवं नाकात. हांव हांगाच आसां.’ हेल्मेट काढू दिलं नाहीत. नंतर मी विचारलं, हे कुठे शिकलात? तुमच्या मावसभावाला असंच माणसांनी घडी घालून पिकअपमध्ये टाकलं होतं, तो आता चालत नाही, एवढंच म्हणालात. मी पुढे विचारलं नाही.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी हेल्मेट हातात घेऊन आतला तडा दाखवला. हे आता फेका, दिसायला धड असलं तरी दुसरा मार सोसणार नाही, म्हणाले. हासळीचं हाड मोडलं होतं, डोक्याला मुका मार, एक रात्र लक्ष ठेवण्यासाठी ठेवून घेतलं. उलटी होते का, झोप अनावर होते का, डोकेदुखी वाढते का, दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन विचारायचं. ते सगळं यथास्थित झालं. भाऊ साखळीहून पोचेपर्यंत तुम्ही बाहेर बाकावर बसून होतात. सकाळची भाडी गेली. सोमवारची सकाळ, म्हापशाच्या आणि वास्कोच्या बसगाड्या रिकाम्या होण्याची वेळ. किती बुडाले विचारलं तर म्हणालात, ‘पावसांत कोण बसता पायलटाफाटल्यान?’ खोटं. पावसातच जास्त बसतात.

आता मला एक जुनं सांगायचंय. २०१३ मध्ये माझे वडील डिचोलीच्या वाटेवर स्कूटरवरून पडले. लोक थांबले नाहीत असं नाही. थांबले, वाकून बघितलं आणि पोलिसांचं झंझट नको म्हणून गेले. पाऊणएक तास ते कडेला पडून होते. मग एका टेंपोवाल्याने जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं, तर काउंटरवरून उत्तर आलं की ही पोलीस केस आहे, आधी पैसे भरा, नाही तर बांबोळीला न्या. टेंपोवाल्याचंच नाव लिहून घेतलं, त्यालाच दरडावलं. तो बिचारा त्यानंतर कधी कुणाला उचलेल? वडील वाचले, पण पाय गेला. शेवटपर्यंत काठी होती. ती अजून दारामागे आहे, मी टाकत नाही.

पलंगावर पडून मी वाचत होते. सुप्रीम कोर्टाने ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्यांच्या बाजूने आदेश दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी ठपका येत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. २०२५ मध्ये तर पहिल्या सात दिवसांच्या उपचारांसाठी दीड लाखापर्यंतची रोकडरहित योजनाही निघाली. वाचून मला वडिलांचा टेंपोवाला आठवला. त्याला हे तीन वर्षं आधी मिळायला हवं होतं. तुम्हाला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. मी उत्साहाने कलम समजावलं तर तुम्ही म्हणालात, ‘नांव सांगूंक भंय कसलो? म्हजें नांव बरें आसा.’

गाडीचा नंबर तुम्ही हातावर लिहून घेतला होतात, माझ्याच पर्समधल्या लाल पेनने, वह्या तपासायच्या. मला हलवण्याआधी सायकलचे, काचेचे, ओल्या रस्त्यावरच्या ओरखड्याचे फोटोही. त्या नंबरामुळे पुढचं झालं, नाही तर भाऊ चौकीवर गेला तेव्हा ‘सायकलच ना? मग समजुतीन घ्या’ असं ऐकून परत आला होता. सायकलच ना! चारचाकीला पोचा आला असता तर दोन पानं लिहिली असती. दुसऱ्यांदा तो तुमचे फोटो घेऊन गेला आणि खुर्ची मिळाली. माझी वकील मैत्रीण म्हणते, भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा. तो लावलाय. बाकी ते कागद आणि त्या फेऱ्या, इथे नको.

मला लिहायचंय ते डब्याबद्दल.

सायकल तुम्ही फेरीबोटीतून चोडणला नेलीत. कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या आठवड्यात भावाबरोबर ती बघायला आले तर ती गोठ्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी. पुढचं चाक आठच्या आकड्यासारखं, घंटीत चिखल, कॅरिअरवर तोणाक वाळून काळं पडलेलं. तुम्ही जरा ओशाळून म्हणालात, धुवायची होती, पण पंचनाम्यावाले येऊन बघेपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलं. चेनला तेलाचा थेंबसुद्धा नाही.

आणि मग तुमची आई आतून डबा घेऊन आली. तीन पुडांचा स्टीलचा, माझ्या लग्नातला. वरचं झाकण त्या दिवशी चेपून केळीच्या पानासारखं दुमडलं होतं, मी तो डबा गेला असंच धरून चालले होते. तो लख्ख घासलेला. आणि झाकण सरळ. तुमची आई म्हणाली, ‘दोन रातीं बसून ठोकलां तेणें, वरवंट्यान, पोंदा फडको घालून.’ कडेला बारीक बारीक ठोके दिसत होते, नखाएवढे, गोल फिरत गेलेले. देण्याआधी तुम्ही ते लावलंत, काढलंत, पुन्हा लावलंत. असं तीनदा. एका बाजूला किंचित घट्ट बसतं, तिथे अंगठ्याने दाबायचं, हे दाखवलंत. उघडून बघते तर आत सोलां, घरची आमसुलं. रिकामा डबा परत करायचा नसतो ना.

१०८ ला फोन दुसऱ्या कुणीही केला असता कदाचित. डोकं धरणारा एखादा भेटला असता. पण हे झाकण? त्याची किंमत बाजारात शंभर रुपये नसेल. ते नीट केलं नसतंत तर कुणी तुम्हाला नावं ठेवली नसती, मला तर आठवणही झाली नसती. फेरीबोटीत मी डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि बोट रायबंदरला लागेपर्यंत रडत होते. अपघाताच्या दिवशी एक टिपूस आलं नव्हतं. भाऊ घाबरला, हात दुखतोय वाटलं त्याला.

रोज तोच डबा नेते. शिक्षकखोलीत कुणी झाकण उघडायला लागलं तर मी म्हणते, थांबा, इकडून अंगठा लावा.

सायकल दुरुस्त झाली. नवं हेल्मेट आणलंय. घरच्यांचा विरोध आहे, तो चतुर्थीपर्यंत टिकेल. मराठी की कोकणी यावर हमरीतुमरीवर येणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतले निम्मे तरी त्या सकाळी रस्त्यावर असते तर उपयोग झाला असता, असं एक वाक्य लिहून खोडलं होतं. आता राहू दे.

रविवारी सकाळी चोडणला येतेय. तुमच्या आईला सांगा, जेवणाचा घाट नको, सोलांची कढी चालेल. तुमचा रेनकोट माझ्याकडेच राहिलाय. धुऊन ठेवलाय. उजव्या खिशाची चेन अडकत होती, ती बदलून घेतली. मी तीनदा लावून पाहिली.

देव बरें करूं.

तुमची,
रायबंदरची सायकलवाली बाई