बाबांनी मले खाणीत लावून टाकलं

गज्या,

सात महिने झाले, तुले एक ओळ लिहिली नाही. शिव्या दे, पोटभर दे, मग पुढं वाच. तब्येत ठीक, खोकला होता, गेला. तुझ्या व्हॉइस मेसेजले नुसता अंगठा पाठवत राहिलो, पण हे अंगठ्यात मावत नाही अन् फोनवर सांगावं तर तू हसत सुटशील अन् माझं अर्धं राहून जाईल.

तर बाबांनी मले कोळशाच्या खाणीत लावून टाकलं बे. परमनंट.

झालं काय, रविवारी इथं जर्मनीत दुकानं बंद असते, अन् विद्यार्थ्याच्या पासवर साध्या गाडीनं देशभर हिंडता येते, मग डॉर्टमुंडच्या रूमवर बसून करणार काय. कोलोनचं चर्च पाहून झालं होतं, ५३३ पायऱ्या, वर जाऊन गुडघे धरून बसलो (ते १२४८ ले बांधायले घेतलं अन् १८८० ले पुरं झालं, आपल्या समाजमंदिराले आता नावं ठेवू नको). मग एका रविवारी एसेनले झोलफेराइन पाहायले गेलो. कोळशाची खाण. म्हणजे होती, १९८६ ले बंद पडली अन् २००१ ले युनेस्कोनं जागतिक वारसा केली. ५५ मीटरचा लोखंडी मनोरा, जिथं कोळसा धुवायचे तिथं म्युझियम, लोकं तिकीट काढून पाहते अन् वरून कॉफी पिते. आपण घुग्घूसच्या रस्त्यानं नाकाले रुमाल बांधून जायचो, ट्रकच्या धुळीनं वावरातला कापूस काळा पडायचा, अन् इथं मी पैसे देऊन लाइनीत उभा! हसू आलं, मनोऱ्याखाली फोटो काढला अन् घरच्या ग्रुपवर टाकला. पाऊस होता म्हणून अंगात नारिंगी रेनकोट. तिथंच घात झाला.

त्याच्या आदल्या दिवशीचा फोटोही टाकला होता, ॲप्रन घालून क्रेट उचलताना. शनिवारी मी टाफेलमध्ये जातो, दुकानात, बेकरीत उरलेलं चांगलं अन्न गोळा करून गरिबाले देते ती संस्था, १९९३ ले बर्लिनमध्ये सुरू झालेली. पगार नाही, सेवा. आता बाबांचा हिशोब पाय: रेनकोट म्हणजे युनिफॉर्म, क्रेट म्हणजे ड्युटी, अन् मागं मायले फोनवर बोललो होतो की दर महिन्याले खात्यात ९९२ युरो येते. येते ना! पण ते आपलेच हाय बे. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक खात्यात भरा लागते, त्यातले महिन्याले तेवढेच सुटते. वावर गहाण ठेवून काढलेलं लोन थेंबथेंब मलेच वापस येऊन राहिलं, अन् बाबा त्याले पगार समजून राहिले. लाखाच्या आसपास पगार!

इथवरही चाललं असतं. पानठेल्यावर चार दिवस बोलले असते. पण परवा मोठेबाबांनी बोअरसाठी दोन लाख मागितले अन् बाबा म्हणाले, दिवाळीले पोरगा पाठवते. हे मले मायनं सांगितलं, तेही खुश होऊन. रात्री झोप नाही गज्या. पाठवू कुठून? वर्षाले १४० दिवस कामाची मुभा हाय, पण काम मागायले गेलं की पहिले भाषा विचारते. टाफेलले जातो ते त्यासाठीच, तिथल्या म्हाताऱ्या बटाटे निवडता निवडता माझं जर्मन, ते डेर-डी-डास, सुधारते. खरं सांगू का, तेवढ्यासाठीच नाही. आठवडाभरात मी उशिरा आलो तर विचारणारं तिथंच कोणी तरी हाय. पण हे बाबांले कसं सांगू, तिकडे वेचणीले बाया भेटत नाही अन् इकडे मी फुकटात गोऱ्याचे बटाटे निवडतो. एनएसएसच्या शिबिरात बंधारा बांधला तेव्हाही ते असेच भडकले होते, अन् तो पहिल्याच पावसात वाहून गेला. पेपरात फोटो मात्र तुझा आला, माझं फावडं घेऊन. ते मी विसरलो नाही.

अन् बारावीचं गणितही विसरलो नाही. मी पास झालो सांगितलं अन् तू अंगणात उभा राहून खरं बोललास. चार महिने तुझ्याशी बोललो नव्हतो. आता तेच काम तुले सांगून राहिलो, थुंक माझ्यावर.

तुझ्या लेकीले दात आले म्हणे, फोटो पाठव. ट्रॅक्टरचा हप्ता गेला का? वहिनीले नमस्कार.

बाबांले पानठेल्यावर नको गाठू, तिथं कान जास्त. घरी जा, माय चहा टाकेल तेव्हा बोल. पहिले ९९२ चं सांग, मग खाणीचं. ते चिडले तर चिडू दे, उठू नको. बटाट्याचं राहू दे, ते मी सांगतो.

तुझाच,
फावडेवाला