बंदुकीच्या उंचीइतकी कातडी? हिशेबवह्या वेगळं सांगतात

संपादक महोदय,

युरोपीय व्यापारी कंपन्यांवरील रविवार पुरवणीतल्या लेखात उत्तर अमेरिकेत कातड्यांचा व्यापार करणाऱ्या लंडनच्या हडसन बे कंपनीच्या यॉर्क फॅक्टरी या वखारीबद्दलची एक गोष्ट दुरुस्त व्हायलाच हवी. बंदूक उभी धरायची, तिच्या तोंडापर्यंत बीव्हर या पाण्याकाठच्या केसाळ प्राण्याच्या कातड्यांची चळत रचायची, मग ती बंदूक क्री या तिथल्या आदिवासी जमातीच्या माणसाच्या हाती पडायची, असं लेखात म्हटलं आहे. ही कथा सर्रास सांगितली जाते, पण ती खरी नाही.

आजच्या कॅनडातल्या हेज नदीच्या मुखाशी १६८४ मध्ये उभ्या राहिलेल्या या वखारीत प्रत्येक वस्तूचा भाव 'मेड बीव्हर' या एककात बांधलेला असे. मेड बीव्हर म्हणजे हिवाळ्यात मारलेल्या, पूर्ण वाढलेल्या बीव्हरचं ताणून वाळवलेलं एक चांगलं कातडं. मार्टेन, ऑटर, अस्वल यांची कातडीही याच हिशेबात बसवत. अठराव्या शतकात बंदुकीला साधारण १२ ते १४ मेड बीव्हर पडत. चार फुटी नळीच्या टोकापर्यंत चळत न्यायची तर याच्या कितीतरी पट कातडी लागली असती.

लबाडी होत नव्हती असं नाही, पण ती मापात होती. दरपत्रक लंडनहून ठरून येई. वखारीच्या प्रमुखाला जास्तीची कमाई दाखवायची असेल तर बंदुकीच्या दारूचं माप थोडं रिकामं ठेवायचं, ब्रँडीत पाणी घालायचं. ही वरकमाई हिशेबात 'ओव्हरप्लस' म्हणून वेगळी धरली जाई. क्रींना ते पक्कं ठाऊक होतं. व्यापाराआधी भेटवस्तू आणि चिलीम यांचा विधी होई, तेव्हा त्यांचे म्होरके मापं पूर्ण भरून द्या, असं ठणकावून सांगत.

मालाच्या बाबतीतही ते चोखंदळ होते. त्यांना ब्राझीलचीच तंबाखू हवी असे, म्हणून कंपनीला ती लिस्बनहून मागवावी लागे. कडाक्याच्या थंडीत लोखंड ठिसूळ होऊन बंदुकीची नळी फुटे आणि बोटं जात. अशा तक्रारी लंडनला कळवल्या जात. शेजारी फ्रेंच गिऱ्हाईक ओढायला टपलेले असताना खराब माल खपवणं कंपनीला परवडणारं नव्हतं.

लेखात क्रींच्या कामाचा उल्लेखच नाही. ही कातडी युरोपात टोप्यांसाठी जात. टोपीच्या फेल्टसाठी, म्हणजे केस दाबून केलेल्या जाड कापडासाठी, बीव्हरची आतली मऊ लव लागते. तिच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे ती एकमेकांत घट्ट अडकते. वरचे राठ केस मात्र आधी काढावे लागतात. पाच ते आठ कातडी शिवून केलेला झगा लव आतल्या बाजूला ठेवून एक-दोन हिवाळे अंगावर वापरला, की घाम आणि घर्षणाने ते केस आपोआप गळत. सुरुवातीच्या काळात टोप्या बनवणारे अशा वापरलेल्या कातड्याला जास्त मोल देत, ते याचसाठी. कातडी कमावणं, झगे शिवणं, बर्फात चालायच्या जाळीदार पादुका विणणं ही कामं क्री स्त्रियांची. वखारीभोवती राहणारे क्री शिकारी वसंतात आणि शरदात हंस मारून आणत, ते पिंपांत खारवून ठेवत आणि त्यावर गोऱ्या नोकरांचा हिवाळा निघे. लंडनचं जहाज वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर येई.

मुंबई १६६८ मध्ये वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देणाऱ्या दुसऱ्या चार्ल्सनेच २ मे १६७० रोजी हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचा सारा मुलूख या कंपनीला लिहून दिला. खंड किती? राजा तिकडे गेला तर दोन एल्क (मोठी हरणं) आणि दोन काळे बीव्हर. तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. या अन्यायाबद्दल लेखकाला संताप आहे आणि तो रास्तच आहे. पण त्याचा पुरावा भोळ्या माणसांच्या दंतकथेत शोधू नये. १७८१-८२ च्या देवीच्या साथीत आतल्या प्रदेशातल्या वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. ऑगस्ट १७८२ मध्ये फ्रेंच आरमाराच्या लापेरूजने ही वखार जाळली आणि वाचलेल्यांची शिकारीच्या दारूगोळ्याची सोयही तुटली. लेखात या दोन घटनांना एक ओळही मिळालेली नाही.

पुढच्या अंकात निदान बंदुकीच्या चित्राखालचा मजकूर दुरुस्त करावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे