मावशी, तुम्ही आधी "जेवलीस का?" विचारलंत

मावशी, सलाम.

हे पत्र तुमच्या घरी येऊन वाचून दाखवता आलं असतं. आपल्यात एक जिनाच तर आहे. पण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "थांब, चहा टाकते" म्हणून उठून जाता. शिवाय चारचौघांत लिहायला दुसरंही कारण आहे. आपल्या चर्चच्या मंडळीत, आणि बाहेरही, रात्री छाती धडधडते म्हणून उठून बसणारी पुष्कळ माणसं आहेत, आणि बरीचशी ते कुणाला सांगत नाहीत. ख्रिस्ती घरात तर जास्तच अवघड. प्रभूवर भरवसा आहे असंही म्हणायचं आणि झोप लागत नाही असंही म्हणायचं, हे एकाच तोंडाने कसं बोलावं, असं वाटतं. तुमच्यामुळे मला ते बोलता आलं.

झालं काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण ठाण्यात ते आता घरोघरी आहे. एमआयडीसीने १९६२ साली सुरुवात केली ती वागळे इस्टेटपासून. माझे सासरे नगरहून आले ते तिथेच लेथवर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. ह्यांचीही नोकरी त्याच भागात, पण युनिट बंद झालं. माझं काम ऐरोलीला, कंत्राटी, तीन-तीन महिन्यांच्या बोलीवर. घराचा हप्ता मात्र कायमचा! एका सकाळी ठाणे स्टेशनवर ट्रान्स हार्बरच्या गाडीची वाट बघत असताना श्वासच अडकला. हातापायांना मुंग्या, घशाला कोरड. आता आपण इथेच जाणार असं वाटून खाली बसले. कुणी तरी पाणी दिलं. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. "टेन्शन घेऊ नका," असं सांगून मला घरी पाठवलं. घेतल्याशिवाय राहता आलं असतं तर दवाखान्यात कशाला गेले असते?

मग प्रार्थनासभेत सांगितलं. एका भगिनीने प्रेमानेच हात धरला आणि म्हणाली, विश्वासात कुठे तरी उणीव राहिली असेल, शोध. रात्री फोनवर निरोप आला की 'भिऊ नका' हे पवित्र शास्त्रात बरोबर ३६५ वेळा लिहिलंय, रोजचं एक. मी तो निरोप तुम्हाला दाखवला तेव्हा तुम्ही चष्मा वर सरकवून म्हणालात, "तेवढ्या वेळा काही नाहीये ते. आणि असतं तरी काय गं? देव 'भिऊ नको' म्हणतो कुणाला? जो भ्यालाय त्यालाच ना?" मग बोटांवर मोजून दाखवलंत: मेंढपाळ भ्यालेले, मरीया घाबरलेली, नावेतले शिष्य तर ओरडतच होते. त्यांना कुणी उणीव शोधायला लावली नाही. नावेत येशूने आधी वारा थांबवला, विश्वासाचं मागून विचारलं. मार्काच्या शुभवर्तमानात क्रम तसाच आहे, मी नंतर बघितलं.

पण हे सगळं पुढचं. पहिल्या दिवशी तुम्ही दारात उभ्या राहिलात, माझ्याकडे नखशिखान्त बघितलंत (तीस वर्षांहून जास्त हॉस्पिटलचा वॉर्ड सांभाळलेल्या बाईची नजर ती) आणि विचारलंत, "जेवलीस का?" मी नाही म्हटलं. तुम्ही खाली जाऊन भाकरी, शेपूची भाजी आणि ताक घेऊन आलात, समोर बसून खायला लावलंत, पोराला तुमच्या घरी नेलंत, आणि मला पडदे ओढून झोपायला सांगितलंत. ना वचन, ना प्रार्थना. खरं सांगू? मला जरा रागच आला होता. एवढी मोठी आध्यात्मिक अडचण, आणि ह्या मला शेपू खायला घालतायत!

दुसऱ्या दिवशी तुम्ही पवित्र शास्त्रातलं १ राजे, अध्याय १९ उघडलात. एलीया संदेष्ट्याची गोष्ट मी शब्बाथ शाळेपासून ऐकत आलेय, पण कर्मेल डोंगरावरची, आकाशातून अग्नी पडतो ती. त्याच्या नंतरचं पान कुणी शिकवत नाही. एवढा विजय झाल्यावर ईजबेल राणीची धमकी येते आणि हा माणूस जीव घेऊन पळतो. बैर-शेब्याला चाकराला मागे ठेवतो, एकटाच दिवसभर रानात चालतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. आणि झोपतो. देवदूत येतो, त्याला स्पर्श करतो आणि सांगतो: ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो: खा, पुढची वाट तुला झेपायची नाही.

"बघ," तुम्ही म्हणालात, "देवदूताने त्याला उपदेश केला का? रात्रपाळीची चांगली सिस्टर जे करते तेच केलं. हात लावला, खायला दिलं, झोपू दिलं. देव त्याच्याशी बोलला, पण नंतर, होरेब डोंगराला पोचल्यावर." आणि होरेबलाही एलीया "मी एकटाच उरलो" असंच घोकत होता. देवाने त्याला सांगितलं की अजून सात हजार माणसं आहेत, आणि अलीशाला सोबतीला दिलं. मावशी, तुम्ही ते वाचून थांबलात आणि म्हणालात, "आता तू डॉक्टरकडे कधी जातेस?"

इथे मी अडले होते. ठाण्यात राहून मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे थट्टेला आमंत्रण; सगळा महाराष्ट्र वेड्याला "ठाण्याला पाठवा" म्हणतो. १९०१ सालापासून इथे मनोरुग्णालय आहे आणि तेव्हापासून गावाला हे नाव चिकटलंय. माझ्या माहेरी फोनवर नुसतं समुपदेशन म्हटलं तर पलीकडे शांतता पसरली. शिवाय मनात वेगळीच टोचणी: गोळी घेतली तर प्रभूवर अविश्वास तर नाही ना? तुम्ही उत्तरादाखल ट्रंकेतून, म्हणजे त्या जुन्या बिस्किटांच्या डब्यातून, तुमच्या बीपीच्या गोळ्या काढून टेबलावर ठेवल्यात. "ह्या घेते म्हणून मी प्रभूला सोडलं का? लूक कोण होता? प्रेषित पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. वैद्य बरोबर घेऊन फिरत होता पौल." मग स्वतः माझ्याबरोबर आलात, बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसून राहिलात. डॉक्टरांनी ह्याला पॅनिक अटॅक म्हणतात असं सांगितलं, श्वास सोडताना लांब सोडायला शिकवलं, काही महिने औषध दिलं. घरात जे बोलता येत नव्हतं त्याला नाव मिळालं, तिथेच अर्धं ओझं उतरलं. ज्यांना जाणं जमत नाही त्यांच्यासाठी तुम्ही फ्रिजवर टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चिकटवून ठेवलाय, तो सरकारचा आहे, फुकट आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं, हे इथे मुद्दाम लिहिते.

प्रार्थना मात्र बराच काळ जमेना. पहाटे तीनला जाग यायची आणि मनात हप्त्याचे आकडे सुरू व्हायचे. तुम्ही म्हणालात, गोड प्रार्थना करायची नाही, तेरावं स्तोत्र वाच. सहा ओव्यांएवढं लहान स्तोत्र, त्यात सुरुवातीलाच चार वेळा 'कोठवर' येतं. देवाला इतकं सरळ विचारता येतं? दाविदाने विचारलंय. आणि अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत काळोखातच राहतं, त्याला आशेची शेपटीसुद्धा लावलेली नाही. हे पवित्र शास्त्रात ठेवलंय, म्हणजे अशा रात्रीही देवासमोर मोजल्या जातात, असं तुमचं म्हणणं. माझी तक्रार होती की प्रार्थनेत मला नवं काही सुचतच नाही, तेच ते. तुम्ही गेथशेमाने बागेतला, येशूला पकडलं त्या रात्रीचा प्रसंग काढून दाखवलंत. येशू तिथे व्याकूळ झालाय, पेत्र, याकोब आणि योहान यांना जागं राहायला सांगतोय, ते झोपतायत, आणि तो तिसऱ्यांदा जाऊन पुन्हा त्याच शब्दांनी प्रार्थना करतो. त्याच शब्दांनी! मत्तयाने ते नोंदवून ठेवलंय, याचं मला किती बरं वाटलं ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून माझी पहाटेची प्रार्थना एका ओळीची आहे: प्रभू, मी घाबरलेय, तू इथे आहेस. श्वास घेताना पहिला अर्धा, सोडताना दुसरा.

मग ते कालनिर्णय. दुधाच्या हिशोबाच्या चौकोनात तुम्ही मला फक्त त्या दिवसाचं लिहायला लावलंत. दोन कामं, आणि रात्री एक गोष्ट जी मिळाली. पुढच्या महिन्याचं पान उलटायला बंदी. "ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे असं प्रभू म्हणाला, आगाऊ बुकिंग कर म्हणाला नाही," हे तुमचं वाक्य ह्यांना इतकं आवडलं की ते आता इंटरव्ह्यूला जातानाही म्हणतात. मिळालेल्या गोष्टी कधी फारच बारीक असायच्या. एका चौकोनात नुसतं 'खिडकीची सीट' लिहिलंय.

आणि शनिवारच्या दुपारी तलावपाळी. आपलं चर्च उपासनेपुरतं उघडतं, म्हणून तुम्ही मला मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्टमध्ये बसायला न्यायचात. कॅथलिक चर्चमध्ये आपण प्रोटेस्टंट बायका. पण देव काय रजिस्टर बघून आत घेतो थोडाच. बाहेर रिक्षांचे भोंगे, आत पंख्याचा आवाज. तिथेच तुम्ही १३२१ची हकिकत सांगितलीत. केरळातल्या कोल्लमला निघालेले फ्रान्सिस्कन पंथाचे चार मिशनरी ह्या ठाण्याच्या बंदराला लागले आणि इथेच मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डेनस नावाचा धर्मगुरू तेव्हा गावात नव्हता म्हणून वाचला. त्याने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. मी घरी येऊन शोधून वाचलं. पुढे ह्याच ठाण्याहून त्याने आपल्या बांधवांना पत्र लिहिलं, त्यात त्याने आपलं एकटेपण आणि हाल लपवलेले नाहीत, माणसं पाठवा म्हणून विनवलंय. सातशे वर्षांपूर्वी आपल्याच गावात एक घाबरलेला, थकलेला माणूस सोबत मागत होता, आणि नंतर तोच कोल्लमचा बिशप झाला. मला त्याच्या बिशप होण्यापेक्षा ते पत्रच जास्त जवळचं वाटतं.

शांती मिळाली का, असं मंडळीतल्या मुली विचारतात. मिळाली, पण मला वाटायचं तशी नाही. मला वाटायचं आधी सगळं सुरळीत होईल, मग शांत वाटेल. फिलिप्पैकरांस पत्रात पौल कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका म्हणतो आणि बुद्धीच्या पलीकडच्या शांतीबद्दल लिहितो, ते कैदेत असताना. सुटका होईल की शिक्षा, हे त्याला ठाऊक नव्हतं; तसं तो त्याच पत्रात लिहितो. म्हणजे निकाल लागायच्या आधी येणारी शांती ती. माझ्याकडे ती येते तेव्हा काही प्रकाश वगैरे पडत नाही. धडधड सुरू होते, आणि तिच्याशेजारीच कुणी तरी बसलंय असं वाटतं. रविवारी पेटीवर ना. वा. टिळकांचं भजन सुरू झालं की जास्त. सगळ्यांबरोबर लांब सूर धरताना श्वास आपोआप लांबतो, हे डॉक्टरांनाही मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

सध्याचं कळवते. ह्यांना भिवंडीला एका गोदामात काम लागलंय, पगार आधीपेक्षा कमी आहे. माझं कंत्राट आणखी तीन महिने वाढलं, पुढचं पान मी उलटलेलं नाही. औषध डॉक्टरांनी हळूहळू कमी करत आणलंय. स्टेशनवर अजूनही कधी कधी घसा कोरडा पडतो, पण गाडी सोडून द्यावी लागत नाही. प्रार्थनासभेतल्या त्या भगिनीचा मुलगा परीक्षेच्या धास्तीने आजारी पडला तेव्हा ती माझ्याकडे आली. मी तिला आधी जेवू घातलं.

मावशी, धन्यवाद. भाकरीसाठी, बाकावर बसून राहण्यासाठी, माझ्या घाबरण्याला पाप न म्हणण्यासाठी.

आता तुमच्या मोतीबिंदूचं. गेले कित्येक महिने तुम्ही ते ऑपरेशन "पाऊस संपू दे", "नाताळ होऊ दे" म्हणत पुढे ढकलताय, आणि मला कळतंय की तुम्हाला भीती वाटते. वाटू दे. मंगळवारी मी रजा टाकलीये. दहा वाजता रिक्षा बोलावते. जुन्या चष्म्याचा नंबर आणि बीपीचे कागद काढून ठेवा. डोळ्यांत थेंब टाकल्यावर येताना अंधुक दिसतं म्हणतात, तर बाहेर बाकावर मी बसलेली असेन.

तुमची,
वरच्या मजल्यावरची