मंत्रीसाहेब, टार्गेट ठरवायच्या आधी आम्हालाही विचारा : एक खुलं पत्र

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

सामाजिक उद्योगांना अनुदान देणारं खातं तुमच्याकडे आहे म्हणून तुम्हालाच लिहितेय. अशाच एका संस्थेत मी नऊ वर्षं काम केलं. दिव्यांग लोकांना काम शिकवायचं, तिथंच नोकरीला घ्यायचं, माल विकायचा आणि त्यातनं संस्था चालवायची. काम मनापासून आवडायचं. पगार बाहेरच्यापेक्षा कमी असणार हे आधीच माहीत होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. दर मीटिंगला "आपण सगळे एक कुटुंब" हे वाक्य ठरलेलं, आणि त्याच मीटिंगमध्ये वर्षाचं टार्गेट मात्र छापूनच आलेलं. एकदा वरून ठरलं की प्रत्येक ट्रेनरने आठऐवजी पंधरा जण सांभाळायचे. आमच्यातल्या एकीने सांगून बघितलं की ज्यांना ऐकू येत नाही त्यांना समोर बसून हाताने दाखवावं लागतं, मागच्याला काय कळणार? "चांगला मुद्दा आहे, नोंद घेतो" म्हणाले. नोंद कुठे गेली देव जाणे. सहा महिन्यांत आकडा पूर्ण झाला, माल परत यायला लागला, आणि तिने नोकरी सोडली. तुमच्या खात्याला जो रिपोर्ट गेला त्यात यातला फक्त आकडा होता.

आता हे काही माझंच रडगाणं नाही साहेब. १९४८ साली कॉक आणि फ्रेंच या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या हार्वुड कंपनीच्या पायजमे शिवायच्या कारखान्यातला एक प्रयोग छापला. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला नुसतं सांगितलं की उद्यापासून असं करा, एका गटाचे प्रतिनिधी चर्चेला घेतले, आणि दोन गटांत सगळ्यांनाच बसवून नवी पद्धत ठरवली. ज्यांना नुसतं सांगितलं त्यांचं काम सुधारलंच नाही आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के लोक सोडून गेले. ज्यांना सगळ्यांना विचारलं ते आधीपेक्षा साधारण १४ टक्के जास्त काम करायला लागले, सोडून कोणीच गेलं नाही.

पण खरं सांगायचं तर सगळीकडे असं होत नाही. हाच प्रयोग १९६० साली नॉर्वेतल्या चपला-बुटांच्या कारखान्यात करून बघितला तेव्हा उत्पादनात म्हणावा असा फरकच पडला नाही. ज्या गोष्टींवर मत विचारलं त्या कामगारांच्या दृष्टीने फारशा महत्त्वाच्या नव्हत्या, हे त्याचं एक कारण. नंतरच्या अभ्यासांतही दिसतं की सहभागाने समाधान जास्त वाढतं, उत्पादन त्यामानाने कमी. म्हणजे कमिटी नेमली, फोटो काढला की काम वाढेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पिकनिक कुठे काढायची यावर आमचंही मत घेतलं जायचं की!

मग आमच्या क्षेत्रात हे का लागतं? कारण आमचं अर्धं काम साहेबांच्या नजरेआड होतं. एखाद्याला तिसऱ्यांदा समजावून सांगायचं की "उद्या बघू" म्हणायचं, हे कुठल्या फॉर्ममध्ये भरणार? मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये लहान मुलांच्या क्लबांवर प्रयोग केला होता, त्यात हुकूम सोडणारा लीडर खोलीबाहेर गेला की मुलांचं काम थंडावायचं, आणि जिथं मुलांनी मिळून ठरवलेलं होतं तिथं तो गेल्यावरही चालू राहायचं. आमच्याकडे तर लीडर कायमच खोलीबाहेर, ग्रँटच्या मागे फिरत असतो, त्यात त्याचीही चूक नाही. शिवाय जास्त पगार देऊन माणूस टिकवायची सोय नाही. मग टिकवायचं कशावर? आणि ज्यांनी संस्था उभी केली त्यांचा त्याग मोठा असतो हे मान्य, पण त्या त्यागामुळेच त्यांच्यासमोर कोणी "हे चुकतंय" म्हणत नाही.

इटलीने २०१७ च्या सामाजिक उद्योगांच्या कायद्यात कामगार आणि लाभार्थी यांना निर्णयांत सहभागी करून घ्यायचं बंधनच घातलंय, विशेषतः कामाची परिस्थिती आणि सेवेचा दर्जा या बाबतीत. आपल्याकडे लगेच कायदाच करा असं मी म्हणत नाही, कागदावरची अजून एक समिती तेवढी वाढेल. त्यापेक्षा तपासणीला येणारा अधिकारी संचालकांच्या केबिनमध्ये चहा पिऊन जातो, त्याने अर्धा तास स्टाफसोबत एकट्याने बसावं. त्याने एकच विचारावं, मागच्या वर्षात तुमच्या सांगण्यावरून काय बदललं? उत्तर "काहीच नाही" असेल तर ते रिपोर्टमध्ये यावं. अनुदानात मीटिंगचा वेळ पगारी धरा, नाहीतर तो नेहमी ड्युटी संपल्यावरच येतो आणि ज्यांना घरी लहान मुलं आहेत त्या पहिल्या गळतात. आणि वर्षाच्या मध्यात स्टाफने कारण देऊन टार्गेट बदलायला सांगितलं तर ते बदलायची सोय ठेवा, पैसे कापायची भीती न घालता.

अनुदानाचे नवे नियम ठरवताना संस्थाचालकांना तुम्ही चर्चेला बोलावताच. एक बैठक आमच्यासाठीही ठेवा. जमलं तर कामाच्या वेळेत ठेवा, संध्याकाळी बऱ्याच जणांची शिफ्ट असते.

आपली,
सामाजिक उद्योगातली एक माजी ट्रेनर