फ्लँजभोवती सिलिकॉन लावून गळती थांबत नाही : कन्सील्ड कॉकच्या सुट्या स्पिंडलबाबत तक्रार

दिनांक : 14 जुलै 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
नळ व बाथरूम फिटिंग विभाग

विषय : कन्सील्ड स्टॉप कॉकचा सुटा स्पिंडल विकण्यास नकार, आणि 18 जून रोजी केलेल्या चुकीच्या दुरुस्तीमुळे खालच्या सदनिकेत उतरलेली ओल

महोदय,

विलेपार्ले पूर्वेतील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत 24 सदनिका आणि 48 बाथरूम आहेत. 2015 साली बिल्डरने प्रत्येक बाथरूममध्ये शॉवरसाठी आपल्या कंपनीचे अर्धा इंची कन्सील्ड कॉक (भिंतीत गाडलेले, फक्त नॉब बाहेर दिसणारे नळ) बसवले, एक गरम पाण्याचा आणि एक थंड पाण्याचा. म्हणजे एकूण 96. त्यांची 7 वर्षांची हमी 2022 मध्ये संपली, ते आम्हाला मान्य आहे. फुकट काही नको. आम्हाला विकत हवी असलेली वस्तू, म्हणजे नॉब फिरवला की पाणी उघडणारा-बंद करणारा कॉकचा आतला भाग (स्पिंडल), तळहातावर मावते. ती आपण विकत नाही आणि वर भिंत फोडायला सांगता, ही आमची तक्रार आहे.

96 पैकी 11 कॉक गळत होते. गळती दोन प्रकारची असते आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. नॉब पूर्ण बंद करूनही शॉवरमधून थेंब पडत असतील, तर दोष स्पिंडलच्या सिरॅमिक चकत्यांत किंवा त्याच्या बुडाशी असलेल्या रबरी सीलमध्ये असतो. पाणी नॉबच्या मागून, स्पिंडलच्या दांडीच्या कडेने येत असेल, तर दांडीवरची ओ-रिंग (रबराची गोल कडी) गेलेली असते. हा दुसरा प्रकार जास्त घातक. कारण ते पाणी फ्लँजच्या, म्हणजे नॉबमागे टाइलला टेकलेल्या गोल झाकणाच्या, मागे उतरतं. फ्लँजच्या खालच्या कडेला फट असेल तर ते टाइलवर ओघळतं आणि घरच्यांना दिसतं. फट बंद केली की ते भिंतीत जातं.

18 जून रोजी आपल्या अधिकृत सेवा केंद्राचे तंत्रज्ञ तिसऱ्या मजल्यावरील एका सदनिकेत आले. गळती या दुसऱ्या प्रकारची होती. त्यांनी नॉब काढला नाही, मेन कॉक बंद केला नाही. फ्लँजभोवती पूर्ण गोल, खालच्या कडेसकट, पांढरं सिलिकॉन भरलं, ‘आता थांबलं’ असं सांगितलं आणि 400 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, असे 472 रुपये घेतले. पावती सोबत आहे. टाइलवरचा ओघळ खरोखरच थांबला. 27 जूनला दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या छतावर ओल उतरली.

‘पावसाळा आहे, ओल पावसाची असेल’ हे आपल्या हेल्पलाइनचं उत्तर. ही भिंत डक्टच्या (पाइप जाणाऱ्या उभ्या पोकळीच्या) बाजूची आहे, तिला पावसाचा मारा लागत नाही. तरीही आम्ही तपासून पाहिलं. ओलीच्या कडेने छतावर शिसपेन्सिलीने रेघ मारली आणि तारीख लिहिली. दोन दिवसांत ओल रेघेच्या चार बोटं पुढे गेली. मग वरच्या बाथरूमची लाइन 24 तास बंद ठेवली. त्या 24 तासांत बाहेर पाऊस धो धो पडत होता आणि ओल रेघेवरून हलली नाही. सिलिकॉन कापून फ्लँज काढला, तेव्हा मागच्या खाचेत पाणी साचलेलं होतं. फोटो सोबत आहेत. वॉटरप्रूफिंग करणारा कोणताही कारागीर सांगेल की फ्लँजला सील लावायचं तर वरून आणि दोन्ही बाजूंनी. खालची कड उघडी ठेवायची, म्हणजे आत काही झालं तर ते बाहेर दिसतं. आपल्या तंत्रज्ञांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

11 पैकी 7 कॉक आम्ही संस्थेच्या प्लंबरकडून दुरुस्त करून घेतले. एकही टाइल फुटली नाही. कामाची पद्धत मुद्दाम लिहितो, कारण आपल्या लेखी उत्तरात ‘जुना कॉक दुरुस्त होऊ शकत नाही’ असं वाक्य आहे.

आधी गच्चीवरची त्या लाइनची डाऊनटेक (टाकीतून खाली येणारा पाइप) बंद. गरम पाण्याचा कॉक असेल तर गिझरचा स्विच आणि त्याच्या आत येणारा अँगल कॉक दोन्ही बंद, नाहीतर गिझरचं उकळतं पाणी अंगावर. खालच्या मजल्यावरचा एक नळ उघडून लाइन रिकामी करायची. नॉबवरची लाल-निळी टिकली पातळ पात्याने उचकटली की आत ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) दिसतो, त्याला 2.5 मिमीची अ‍ॅलन की लागते. नॉब निघाला की फ्लँज फिरवून सुटतो. स्पिंडलचं नट सपाट तोंडाच्या पान्याने सोडायचं. पाइप रेंच लावला तर त्याचे दात पितळेत रुततात आणि पुढच्या वेळी पाना बसत नाही. नट जाम असेल तर गरम व्हिनेगरमध्ये भिजवलेला कपडा अर्धा तास गुंडाळून ठेवायचा. गॅसच्या टॉर्चने तापवायचं नाही, आत रबर आणि मागे सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पाइप आहे.

स्पिंडल बाहेर आला की खरी गंमत दिसते. ओ-रिंग गोल राहिलेली नसते, एका बाजूने चपटी आणि चकचकीत झालेली असते. नखाने दाबली तर परत फुगत नाही. सातही कॉकमध्ये हेच होतं. नागदेवी स्ट्रीटवर ऑइल सील विकणाऱ्या दुकानात जुनी रिंग दाखवून त्याच मापाची नवी घेतली. गरम लाइनसाठी ईपीडीएम रबराची मागायची. ईपीडीएमला व्हॅसलीन किंवा कोणतंही खनिज तेल लावायचं नाही. रबर फुगतं आणि नॉब जड होतो. फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही ज्वारीच्या दाण्याएवढं.

पितळी भागांवरचा पांढरा थर काढायला एक लिटर कोमट पाण्यात 25 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, अर्धा तास, आणि मग भरपूर पाण्याने धुणं. रात्रभर भिजत घालू नये. पितळेतलं जस्त सुटायला लागतं आणि पृष्ठभाग गुलाबी दिसू लागतो. बाथरूम धुण्याचं अ‍ॅसिड तर क्रोमच खाऊन टाकतं. आपले तंत्रज्ञ मागच्या वर्षी एका सदनिकेत तेच वापरून गेले होते, तो फ्लँज आता आम्ही जपून ठेवला आहे.

नवी ओ-रिंग घालण्याआधी एक काम राहतं, आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. स्पिंडल नसलेल्या उघड्या बॉडीसमोर (कॉकच्या भिंतीतल्या पितळी भागासमोर) बादली धरून दुसऱ्या माणसाने लाइन चार-पाच सेकंद सोडायची. मुंबईत पाणी ठरावीक तासच येतं. बंद लाइनमध्ये सुटलेला गंज पहिल्या लोंढ्याबरोबर तळटाकीत येतो आणि पंपाने गच्चीवर चढतो. टाकी धुतली की उरलेली रेती थेट खाली उतरते. तलावांच्या पाण्यात क्षार तसे कमी, ते येतात मे महिन्यातल्या टँकरमधून. इथे खरा शत्रू आहे कण. तो दोन चकत्यांच्या मध्ये अडकला की चकत्या एकमेकींना भिडत नाहीत. लोक नॉब जोर लावून आवळतात आणि चकतीच्या कडेचा टवका उडतो. नवा स्पिंडल आठवड्यात गळायला लागतो तो बहुधा यामुळे, आणि दोष मात्र मालाला दिला जातो.

राहिलेल्या 4 कॉकच्या चकत्यांना असे टवके उडालेले आहेत. तिथे ओ-रिंगने भागत नाही, स्पिंडलच हवा. बाजारात मिळणारे तीन प्रकारचे स्पिंडल आम्ही लावून पाहिले. आटे जुळतात, कारण तो साधा अर्धा इंची आटा आहे : बाहेरचा व्यास सुमारे 21 मिमी, एका इंचात 14 आटे. दांडीचे 20 दातही नॉबला बसतात. पण आपल्या स्पिंडलचा बुडाचा भाग बाजारातल्यापेक्षा साडेतीन मिमी लांब आहे. त्यामुळे बाजारी स्पिंडलचं रबर सीटपर्यंत (बॉडीत ते जिथे टेकून पाणी अडवतं तिथपर्यंत) पोचतच नाही आणि पाणी बंद होत नाही. खाली जादा वॉशर घालून एक पाहिला, तर वॉशर तिरका बसला आणि तीन दिवसांत परत थेंब सुरू. व्हर्नियरने (बारीक मापं घेण्याच्या पट्टीने) घेतलेली सगळी मापं सोबतच्या कागदावर आहेत. एवढ्या साडेतीन मिलिमीटरसाठी ग्राहक आपल्याशी बांधला गेला आहे. मग तो भाग विकण्याची जबाबदारीही आपलीच.

आपलं 3 जुलैचं ई-मेल म्हणतं : ‘सदर मॉडेल बंद झाले आहे. संपूर्ण संच बदलावा.’ नव्या संचाची किंमत 2,350 रुपये, म्हणजे फार नाही. पण तो संच बसवायचा तर किमान चार टाइल फोडाव्या लागतात. 2015 च्या त्या टाइल आता कुठेही मिळत नाहीत. छिन्नीच्या हादऱ्याने दहा वर्षं जुन्या सीपीव्हीसीचा सांधा दोन फूट पलीकडे तडकू शकतो, आणि तो तडा भिंत बंद केल्यावरच कळतो. भिंतीच्या वॉटरप्रूफिंगचा थर एकदा तुटला की नवा आणि जुना थर जिथे जुळतो तिथून पाणी वाट काढतं. भिंतीतली पितळी बॉडी आजही ठणठणीत आहे, सीटवर हात फिरवला तर काचेसारखी लागते. तिला उखडून तिच्या जागी तशीच दुसरी बसवायची, हा सल्ला आम्हाला समजलेला नाही.

‘थोडे थेंब चालतात’ असंही हेल्पलाइनवर ऐकवलं गेलं. सेकंदाला एक थेंब, थेंब पाव मिलिलिटरचा धरला तरी दिवसाला साडेएकवीस लिटर होतात. चार कॉकचे 86 लिटर. आमच्याकडे टँकर विकत घ्यावा लागतो.

आणखी एक. सेवा केंद्राने फेब्रुवारीत एका सदस्याला याच कॉकचा एक स्पिंडल 650 रुपयांना विकला होता. म्हणजे माल आहे. तो साध्या प्लास्टिकच्या पिशवीत होता. त्यावर ना एमआरपी, ना उत्पादनाचा महिना-वर्ष, ना कंपनीचा पत्ता. 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या वैध मापन नियमांत हे सगळं छापणं बंधनकारक आहे. मॉडेल बंद आणि स्पिंडल मात्र पिशवीत, याचा खुलासा हवा.

तेव्हा आमची मागणी अशी. या मॉडेलचे 4 स्पिंडल आत्ता आणि पुढे लागतील म्हणून आणखी 20, छापील किमतीला आणि पक्क्या बिलावर द्यावेत. साचा बंद केला असेल, तर त्याच बुडाच्या लांबीचा दुसरा स्पिंडल किंवा जुळवणी तुकडा द्यावा, किंवा निदान मापांचा नकाशा द्यावा, म्हणजे आम्ही तो खरादीकडून करून घेऊ. 18 जूनचे 472 रुपये परत करावेत. दुसऱ्या मजल्यावरच्या छताला पुट्टी आणि रंगाचा खर्च 3,800 रुपये आला आहे, तो भरून द्यावा. आणि आपल्या तंत्रज्ञांना लेखी सूचना द्यावी की नॉब न उघडता फ्लँजला सिलिकॉन भरायचं नाही, आणि खालची कड कधीच बुजवायची नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं. तो कायदा नाही, एवढं आम्हालाही ठाऊक आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या आहे, आणि सिलिकॉनचा प्रकार तिच्यात बसतो. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

काढलेले चारही स्पिंडल नावाच्या चिठ्ठ्या लावून संस्थेच्या कार्यालयात ठेवले आहेत. आपल्या अभियंत्याने येऊन पाहावेत. येताना व्हर्नियर आणावा, सिलिकॉनची बंदूक नको.

आपला,
सचिव
(संस्थेच्या देखभाल समितीच्या वतीने)

सोबत : पावतीची प्रत, 9 छायाचित्रे, मापांचा तक्ता, 3 जुलैच्या ई-मेलची प्रत, पुट्टी व रंगकामाचं बिल