घर बदलणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

मे महिन्यात घर बदलणाऱ्यांनी टेम्पो सकाळी ६ लाच लावावा. सोलापूरच्या उन्हात ११ नंतर हमालांचे फार हाल होतात.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून दार उघडे ठेवा, मागच्या ट्रेमधले पाणी काढा. न्यायचा उभाच. आडवा झाला तर कॉम्प्रेसरमधले तेल नळीत उतरते. मग पोचल्यावर दिवसभर उभा ठेवूनच चालू करावा. पुढून दार असलेले वॉशिंग मशीन ट्रान्झिट बोल्ट (ड्रम घट्ट धरून ठेवणारे, मशीनसोबत मिळालेले बोल्ट) लावल्याशिवाय हलवू नका, आतला ड्रम आपटतो.

काचेच्या ताटल्या खोक्यात उभ्या लावा; एकावर एक ठेवल्या की खालची तडकते. पुस्तकांना लहान खोकी. आरशाला सोलापुरी चादर दुहेरी गुंडाळून सुतळीने बांधा.

पाण्याची पिंपे कोरडी करून त्यांत उशा-पांघरुणे भरावीत. एक पिंप मात्र नव्या घरी आधीच भरून ठेवा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि तिकडचा पाण्याचा दिवस वेगळा असू शकतो. हे हमखास विसरले जाते.

भरलेला गॅस सिलिंडर सामानात टाकू नये. गाव बदलत असेल तर सिलिंडर व रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर (नव्या गावी जोडणी घेताना दाखवायचा कागद) घ्या.

लिफ्ट हवी असल्यास आदल्या दिवशी वॉचमनला सांगावे.

– व्यवस्थापक समिती